उपचार संपले, पुढचं कोण बघणार?

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या आयुष्याविषयी केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

स्तनाच्या कर्करोगावर आपल्या गटांमध्ये आता बऱ्यापैकी बोललं जातं. गाठ लागली तर लपवू नका, देवऋषाकडे जाऊ नका, लवकर तपासून घ्या, हे आपण वस्तीवस्तीत सांगतो. ते सांगायलाच हवं. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या. आपल्या देशातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे.

पण आज मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले. डॉक्टर म्हणाले, "आता सहा महिन्यांनी दाखवायला या." घरच्यांनी पेढे वाटले. त्यानंतर त्या बाईचं काय होतं? पुढची दहा, वीस, तीस वर्षं ती जे शरीर घेऊन जगते, त्याबद्दल कोण बोलतं? दवाखाना बोलत नाही, कारण त्यांच्या लेखी केस यशस्वी झाली. घर बोलत नाही, कारण घराला तो विषय संपवायचा असतो. आणि बाई स्वतः बोलत नाही, कारण तिला सारखं ऐकवलं जातं, "जीव वाचला ना? मग आता कशाला कुरकुर?"

मी स्वतः २०१३ साली या उपचारांतून गेले. तेव्हा मी ४४ वर्षांची होते. आज मी तुमच्यासमोर उभी आहे, म्हणजे उपचारांनी त्यांचं काम केलं. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण कृतज्ञ असणं म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. बाळंतपणात बाई वाचली की तिला झालेला सगळा त्रास माफ, असं आपण म्हणत नाही. मग इथेच का म्हणायचं?

हाताची सूज

सगळ्यांत आधी हाताबद्दल बोलते, कारण हात म्हणजे बाईचं पोट. आजार काखेपर्यंत पोचला आहे का हे पाहायला आणि तो काढायला ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढतात. हातातलं पाणी परत वाहून नेण्याचा रस्ता त्या ग्रंथींमधून जातो. रस्ता तुटला, त्यावर किरणोपचार झाले, की काही बायकांच्या हातात पाणी साठायला लागतं. याला लिम्फेडेमा म्हणतात. ही सूज ऑपरेशननंतर लगेचच येईल असं नाही. महिन्यांनी येते, कधी कित्येक वर्षांनीही येते. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१३ साली काढलेला निष्कर्ष असा, की काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते. फक्त पहिल्या एकदोन ग्रंथी शोधून, काढून तपासल्या, तर हे प्रमाण शंभरात पाचसहांवर येतं.

दवाखान्यात टेपने हात मोजतात, पण बाईला सूज आधी कळते ती बांगडीवरून. एका हातात चढणारी बांगडी दुसऱ्या हातात अडते. ब्लाउजची एक बाही काचते. हात जड वाटतो, ओढ लागते. बहुतेक जणी काय करतात? बांगडी काढून ठेवतात, बाही उसवतात आणि गप्प बसतात. सूज नवी असते तेव्हाच ती आटोक्यात आणणं सोपं असतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की हात घट्ट, कडक होतो आणि मग मागे फिरणं अवघड.

आमच्या गटात एक ताई आहेत, चार घरची धुणीभांडी करायच्या. उजवा हात सुजला, बादली उचलेना. दोन घरं सुटली. मालकिणीने विचारलं, "तुमचं तर ऑपरेशन झालं, बऱ्या झालात ना?" त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण या सुजेला नाव आहे हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की आजार परत आला आणि आता तो हातात उतरला. त्या भीतीने दवाखान्यात गेल्याच नाहीत. सात महिने! एका शब्दाचं ज्ञान नसण्याची ही किंमत आहे.

या सुजेवर उपाय आहेत. त्वचेची काळजी, हलक्या हाताने विशिष्ट दिशेने केलेलं मालिश, थरांचं बँडेज आणि व्यायाम, असे चार भाग मिळून हा उपचार होतो. तो शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच सुरू करायचा. नंतर दाब देणारी बाही वापरायची. एक गोष्ट ठासून सांगते: घरी कोणी प्रेमाने गरम तेल लावून जोरात रगडून दिलं तर त्याने बरं वाटण्याऐवजी सूज वाढू शकते. शेक घेऊ नका. काखेच्या आणि दंडाच्या आतल्या भागाला ऑपरेशननंतर बऱ्याचदा बधिरपणा असतो, त्यामुळे चटका बसलेलाही कळत नाही. आणि हात अचानक लाल झाला, गरम लागला, थंडीताप आला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हा जंतुसंसर्ग असतो, त्याला प्रतिजैविकं लागतात.

आता काय करू नये याच्या याद्यांबद्दल. ऑपरेशननंतर बाईला सांगतात: वजन उचलू नका, त्या हाताला सुई नको, रक्तदाब मोजू नका. आयुष्यभर! मैत्रिणींनो, ज्या बाईला हंडा उचलायचा आहे, मूल कडेवर घ्यायचं आहे, उसाची मोळी बांधायची आहे, तिला "वजन उचलू नका" म्हणणं म्हणजे तिच्या जगण्याशी काही देणंघेणं नसणं. अमेरिकेत २००९ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. हाताला सूज असलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, अगदी कमी वजनापासून सुरू करून, हळूहळू वाढवत व्यायाम दिला. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. याचा अर्थ उद्यापासून दोन हंडे उचला असा नाही. अर्थ असा, की हात जपायचा म्हणजे हात निकामी करायचा नाही. त्याला पुन्हा कामाची सवय लावायची, पायरीपायरीने, बाही घालून. सुईचंही तसंच. दुसरा हात मोकळा असेल तर तो पुढे करावा. पण कधी त्या हाताला सुई टोचली गेली म्हणून रात्र रात्र घाबरून बसू नका. २०१६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात सुई किंवा रक्तदाब मोजण्याचा सुजेशी संबंध दिसला नाही.

हाडं, सांधे, पाय आणि हृदय

ज्यांच्या गाठीची वाढ स्त्री-संप्रेरकांवर अवलंबून असते त्यांना पाच वर्षं, कधी दहा वर्षं गोळी घ्यावी लागते. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल. या गोळ्या खूप मोलाच्या आहेत. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने अशा बायकांमधलं या आजाराने होणारं मृत्यूचं प्रमाण पुढच्या पंधरा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशाने घटतं.

पण ही गोळी फुकट काम करत नाही. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजतं. क्वचित पायात रक्ताची गाठ होते, क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होतो. म्हणून पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, एक पोटरी सुजून दुखायला लागली, तर लगेच दाखवायचं. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्यांनी सांधे धरतात. निम्म्याच्या आसपास बायका ही तक्रार सांगतात. सकाळी बोटं मिटत नाहीत, भाकरी थापता येत नाही, जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. शिवाय हाडं ठिसूळ होतात. घरात म्हणतात, "वय झालं." डॉक्टर कधी कधी म्हणतात, "चालायचंच."

यात खरा धोका कुठे आहे बघा. त्रास सांगून कोणी ऐकत नाही, तेव्हा बाई गुपचूप गोळी बंद करते. डॉक्टरला सांगत नाही, कारण ते ओरडतील. घरी सांगत नाही, कारण "एवढा पैसा घातला" हे ऐकावं लागेल. म्हणजे ज्या दुखण्याला किरकोळ म्हणून झटकलं, त्याच दुखण्यापायी तिचा मुख्य उपचार सुटतो आणि आजार परतण्याचा धोका वाढतो. म्हणून सांधेदुखीची तक्रार ही कुरकुर नाही, ती उपचाराचाच भाग आहे. याला उपाय असतात: नियमित व्यायाम, त्याच गटातली दुसरी गोळी देऊन पाहणं, वेदनेवर औषध, हाडांची घनता मोजणं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, गरज पडली तर हाडांसाठी इंजेक्शन. पण हे सगळं बाईने तोंड उघडलं आणि समोरच्याने कान उघडले तरच. आणखी एक: वाफांसाठी किंवा उदासीसाठी दुसऱ्या डॉक्टरने औषध दिलं तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं त्यांना आवर्जून सांगा. पॅरोक्सेटिनसारखी काही औषधं तिचं काम कमी करतात.

केमोथेरपीतल्या पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी हातापायाच्या नसांना इजा होते. तळपाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात, मुंग्या येतात, चप्पल पायातून निघून गेलेली कळत नाही. पुष्कळ जणींचं हे महिन्यांत कमी होतं, काहींचं कायम राहतं. सुई ओवणं, मणी गुंफणं, विडी वळणं, शिवणकाम, ही ज्यांची रोजीरोटी आहे त्यांच्यासाठी बोटांचा बधिरपणा म्हणजे बेकारी. अनवाणी चालायचं नाही, पाय रोज डोळ्यांनी तपासायचे, रात्री उठताना दिवा लावायचा, एवढी खबरदारी घरी घेता येते.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध आणि ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन, दोन्हींचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. ट्रास्टुझुमॅबचा बहुधा भरून येतो, डॉक्सोरुबिसिनचा वर्षांनी दिसू शकतो. जिना चढताना धाप, पायावर सूज, असं दिसलं तर नव्या डॉक्टरला "मला ही औषधं दिली होती" हे सांगता आलं पाहिजे. किती जणींजवळ आपल्या उपचाराचा कागद आहे? कपाटात फाइल असते, आत काय आहे ते माहीत नसतं.

आणि थकवा. हा थकवा झोपेने जात नाही. त्याच्या जोडीला विसरभोळेपणा, शब्द न आठवणं. मी सभेत बोलताना ओळखीच्या कार्यकर्तीचं नाव विसरायचे. बाईचा थकवा कोणाला दिसत नाही, कारण थकूनही ती उभीच असते. चहा होतो, डबे होतात. या थकव्यावर सगळ्यांत चांगला पुरावा आहे तो हळूहळू वाढवलेल्या चालण्याचा, व्यायामाचा. पण घरकामाची वाटणी झाल्याशिवाय चालायला वेळ कुठून येणार? प्रश्न पुन्हा आपल्याच दारात येतो.

ज्याबद्दल कुजबुजही होत नाही

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात होताना दिसतो. म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांच्या बायका. केमोथेरपीने पाळी अचानक थांबते, कधी परत येते, कधी नाही. नैसर्गिकपणे वर्षांत होणारा बदल काही आठवड्यांत अंगावर येतो. योनी कोरडी पडते, संबंध दुखरा होतो, इच्छा मरते. यावर साधे उपाय आहेत, संप्रेरकं नसलेली वंगणं आहेत. पण विचारायचं कोणाला? तपासणीच्या खोलीत चार शिकाऊ डॉक्टर उभे असतात आणि नवरा बाहेर वाट बघत असतो.

एक गैरसमज जीवघेणा आहे: पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत. जाऊ शकतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या या आजारात चालत नाहीत, म्हणून निरोध किंवा साधी तांबी यांबद्दल विचारून घ्या. आणि जिला मूल हवं आहे तिलाही बोलू द्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दीड ते अडीच वर्षं गोळी घेतल्यावर ती दोन वर्षांपर्यंत थांबवून अनेकींनी मूल होऊ दिलं. साडेतीन वर्षांच्या आसपासच्या पाहणीत आजार परतण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. पुढची पाहणी चालू आहे. निर्णय बाईने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा; सासरच्या बैठकीत नव्हे.

आणि स्तन गेल्याचं दुःख. पुरुषी नजरेने बाईच्या स्तनाला जे महत्त्व दिलं त्यावर आपण टीका करतो. ती बरोबर आहे. पण म्हणून "त्यात काय एवढं" असं आपणही म्हणू नये. तो तिच्या शरीराचा अवयव होता. कोणी ब्लाउजमध्ये रुमाल कोंबतं, कोणी मोहरीची पुरचुंडी शिवून घालतं, म्हणजे वजन सारखं राहतं आणि खांदा एका बाजूला ओढला जात नाही. कोणी काहीच घालत नाही आणि तशीच बाजारात जाते. ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीने १९८० साली आपल्या आजारपणावरच्या पुस्तकात कृत्रिम स्तन नाकारण्याचा हक्क मांडला. लोकांच्या सोयीसाठी आपलं शरीर झाकून पूर्ववत दाखवायची सक्ती का, हा तिचा प्रश्न होता. घालायचं की नाही, पुनर्रचना करायची की नाही, हे जिने तिने ठरवायचं. सक्ती दोन्हीकडून नको.

हे सगळं सांगितलं तर बायका घाबरतील?

हा आक्षेप मी डॉक्टरांकडून ऐकला आहे आणि कार्यकर्त्यांकडूनही. आधीच बायका उशिरा येतात, त्यात हे ऐकलं तर येणारच नाहीत. आक्षेप खोटा नाही, त्याला उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं. एक, बायका हे ऐकतातच, फक्त चुकीच्या तोंडून. शेजारीण सांगते, "केमो घेतली आणि अपंग झाली." अर्धवट भीतीपेक्षा पूर्ण माहिती बरी. दोन, लवकर येण्याचं हेच तर मोठं कारण आहे. आजार लवकर सापडला तर स्तन वाचवता येतो, काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागतीलच असं नाही, कधी केमोथेरपीही टळते. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीवरच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. महागडं यंत्र नसताना हे झालं.

तीन, बायकांनी प्रश्न विचारल्यानेच हे उपचार माणसासारखे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हॉल्स्टेड या सर्जनच्या पद्धतीने स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. तीन पिढ्या बायकांनी ते सोसलं. अमेरिकेत बाई गाठ तपासायला भुलीखाली जायची आणि जागी व्हायची तेव्हा स्तन नसायचा. तिला विचारलेलंच नसायचं. रोझ कुशनर या पत्रकार बाईला १९७४ साली हा आजार झाला. तिने हट्ट धरला, आधी फक्त तपासणी करा, पुढचं मी ठरवीन. १९७९ साली सरकारी तज्ज्ञ समितीत ती बसली, डॉक्टर नसलेली, आणि एकाच भुलीत सगळं उरकायची ही पद्धत मोडीत निघाली. १९८५ साली बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने दाखवलं, की गाठ काढून किरणोपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात. विज्ञान आणि बायकांचा आवाज, दोन्ही मिळून बदल झाला. एकट्याने झाला नसता.

मग आपण काय करायचं?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, २०१८ पासून आयुष्मान भारत आहे. त्यांनी कितीतरी बायकांचे जीव वाचले. पण योजनांचा साचा ऑपरेशन, केमोथेरपी, किरणोपचार अशा पॅकेजचा आहे. बाई घरी आल्यावर पुढच्या वर्षांचा खर्च बहुतांशी तिच्या स्वतःच्या पदराला पडतो. दाबाची बाही हजार-दोन हजारांपासून पुढे मिळते आणि सहा महिन्यांत सैल होते, नवी घ्यावी लागते. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत कर्करोग किंवा त्याच्या उपचारांनी आलेली हाताची सूज हा वेगळा प्रकार नाही. म्हणजे ही बाई ना आजारी, ना अपंग. कागदावर ती ठणठणीत आहे!

आपल्या मागण्या साध्या आहेत. उपचार सुरू होण्याआधी दूरगामी परिणाम मराठीत, बाईला समजेल असे सांगा. घरी जाताना कोणती औषधं, किती, कुठे किरण दिले, याचा एक पानी कागद द्या. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सुजेचा उपचार शिकलेली एक तरी फिजिओथेरपिस्ट नेमा. दाबाची बाही, फिजिओथेरपी, हाडांची तपासणी योजनेत घ्या. आणि २००८ च्या कायद्याने घरकामगारांसाठी कल्याण मंडळ झालं, त्या मंडळाकडे अशा बायकांच्या आजारपणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा प्रश्न घरकामगार संघटनांनी न्यावा.

आणि गटाने उद्यापासून करण्यासारखं. फेरतपासणीला तिच्याबरोबर एक जण जा, प्रश्न कागदावर लिहून न्या. आठवड्यातून तीनदा बायकांनी एकत्र चालावं. हाताचे व्यायाम एकत्र करावेत. एकटीने ते चार दिवसांत सुटतात. तिच्या घरी जाऊन नवऱ्याशी, मुलांशी, सासूबाईंशी बोला, की बादली, सिलिंडर, गहू आता दुसऱ्या कोणी उचलायचे. आणि तिला "तू किती धीराची" म्हणणं जरा कमी करा. धीराची म्हटलं की तिला रडायची सोय उरत नाही.

एवढं बोलून थांबते. आता चर्चेला बराच वेळ ठेवला आहे. इथे अशा किती जणी असतील ज्यांनी आपला त्रास आजवर कोणाला सांगितलेला नाही. नाव सांगायची गरज नाही, उभं राहायचीही गरज नाही. जिथे बसल्या आहात तिथूनच बोला. आम्ही लिहून घेऊ, आणि जे लिहू ते मागण्यांच्या कागदात जाईल.